तीनशेला भाग

लिंबर, कागद आधी सरळ कर.
उजेडाकडे धरू नकोस, टेबलावर ठेव.
पाच लहान चौकटींची एक मोठी,
दोन शिखरांत मोठ्या किती ते मोज
आणि तीनशेला भाग.
यंत्राने वर काय छापलंय ते वाचू नकोस,
यंत्राला घाई असते.

मग पी शोध.
शिखराआधीचा छोटा उंचवटा,
मळून झाकलेली कणीक कापडाखाली फुगते तेवढा.
आहे? प्रत्येक शिखराआधी? तेवढ्याच अंतरावर?
या तीन प्रश्नांवर मी आयकिलेत
एकवीस वर्षं नोकरी केली.

सोमवारची बटाटेवाली आठवते?
तिच्या पट्टीत पी नव्हताच.
नुसती थरथर, वाऱ्यात धरलेल्या सुतासारखी,
आणि शिखरं वाटेल तेव्हा,
तव्यावर मक्याचे दाणे फुटावेत तशी.
तू दुपारभर कागदावर वाकलास,
म्हणालास, काहीतरी नियम असेलच.
नव्हता. त्यावरूनच ओळखायचं.

कुणाकुणात एखादा रुंद, बेढब ठोका
वेळेआधी घुसतो,
मग जरा थांबतं सगळं,
भांडखोर पाहुणा गेल्यावर घर थांबतं तसं.
एखाददुसऱ्याला घाबरू नकोस.
लागोपाठ तीन आले तर हाक मार,
मी जेवत असले तरी.

आता हे डॉन सेनोबियो कोल्के.
चारांगो बनवतात. पंचाहत्तरी उलटली.
काल दाणे टाकताना पडले,
डोळे उघडले तेव्हा कोंबड्या अंगावर.
मोज. आठ मोठ्या. म्हणजे सदतीस, अडतीस.
पी आहेत म्हणतोस, भरपूर.
मग सांग, कुठला पी कुठल्या शिखराचा?

लिंबर बराच वेळ गप्प.
मी कोऱ्या कागदाची कडा लावली,
पींवर पेन्सिलने खुणा केल्या, सरकवत नेली.
पी आपल्या चालीत नेमके.
शिखरं आपल्या चालीत नेमकी, संथ.
एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

"काय तुटलंय?" म्हाताऱ्याने केचुआत विचारलं.
मला त्या भाषेत शब्द सुचेना.
डाव्या बोटांनी टेबलावर पी वाजवले,
उजव्या तळव्याने शिखरं.
लाकूड निवडताना ऐकतात तसे ते कान देऊन ऐकत राहिले.
म्हणाले, दोघं वाजवतायत,
दोघंही चुकत नाहीत,
मधली भिंत जाड झालीय.

भिंतीचं त्यांना कुणी शिकवावं!
मातीच्या भिंती, फटीफटीत विंचुका,
ढेकणाचे थोरले भाऊ.
रात्री छपरातून उतरायचे,
निजलेल्या पोरांच्या ओठांपाशी रक्त प्यायचे.
सकाळी जरा खाजायचं, डोळा सुजायचा,
आई मीठपाणी लावायची, झालं.
हृदयापर्यंत बातमी जायला
तीस-चाळीस वर्षं लागतात.

रुग्णवाहिकेत चारांगो बरोबर हवाच, म्हणाले.
पोंचोत गुंडाळून पायाशी ठेवला.
कोचाबांबाच्या रस्त्याला दोनशे वळणं,
लिंबर मॉनिटरपाशी बसला,
पॅड छातीवर आधीच चिकटवलेले.
आता तो अडतीस-अडतीस पुटपुटत असेल.

त्याला एक सांगितलं नाही.
मीही त्याच गल्लीतली.
ऑगस्टमध्ये एका रात्रपाळीला वॉर्ड निजला होता,
मी दाराला कडी लावली,
स्वतःलाच तारा जोडल्या.
थंडगार जेल. छताचा पंखा बंद.
पी आहे. प्रत्येक शिखराआधी आहे.
अंतर तेवढं लांबलंय,
आणि छातीवरच्या पहिल्या तारेत
शिखराला सशाचे कान.

ती पट्टी एप्रनच्या खिशात घडी घालून आहे,
घडीवर रेघा पुसट व्हायला लागल्यात.
डॉक्टर अँटेझाना गुरुवारी येतात.
तीन गुरुवार आले नि गेले.

उद्या लिंबर परतला की
नाव न लिहिता ती त्याच्यापुढे ठेवीन.
पी पासून शिखरापर्यंत, लहान चौकटी.
बघू,
पाच म्हणतो की सहा.