चाळीस सेकंद

पार्नूचा समुद्र इतका उथळ
की पोहण्याआधी चालावं लागतं.
दोनशे पावलं, तीनशे, पाणी अजून गुडघ्यालाच,
आणि काळ्या रबरी सूटमध्ये मी,
लग्नाला दोन तास आधी पोचलेल्या पाहुणीसारखी
अवघडलेली.
बाकावरून काल्यो ओरडतो,
"हेही धर हिशोबात! चौथा खेळ!"

सूट जुना. आधी टार्टूच्या कुणा दंतवैद्याचा.
उजव्या खांद्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ,
मान घासू नये म्हणून बेकरीतलं लोणी,
बिनमिठाचं. मीठ समुद्र घालतो.
काल्यो म्हणतो, लोण्यानं रबर खराब होतं.
होऊ दे. मानही माझीच आहे.

सोमवारी काही नाही.
सोमवारी झोप, तीही दुपारची,
कारण रात्री दोनला राईचं आंबवण माझी वाट बघत असतं,
चाळीस किलो, चिकट, हट्टी,
कोपरापर्यंत हात गिळणारं.
मंगळवारी कामावरून थेट पळायला.
बूट बदलते, मोजे तेच,
घाम फुटला की कपाळावरच्या पिठाची कणीक होते.
बुधवारी सायकल. वारा असेल तर जास्त,
कारण इथे चढ नाहीत. एकही नाही.
पोळपाटासारखा मुलूख,
चढाची हौस वाऱ्यावर भागवायची:
जाताना समोरून,
आणि येताना, का कुणास ठाऊक, तोही समोरूनच.
गुरुवारी "तलाव, दोन हजार मीटर" असं वहीत आहे.
वही माझी, खोटं बोलली तर मलाच.
गुरुवारी मी सौनात बसते
आणि म्हाताऱ्या व्हाइकेकडून तिच्या गुडघ्यांचा इतिहास ऐकते.

शनिवारी दुकानात गेले.
पाकिटात तीन नाताळांचा ओव्हरटाइम,
अजून आल्याच्या बिस्किटांचा वास येणारा.
ओट्ट नावाचा पोरगा, दाढी नुकतीच,
त्यानं भिंतीवरून कार्बनचं चाक उतरवलं
बाळाला पाळण्यातून उचलावं तसं.
"चाळीस किलोमीटरमागे चाळीस सेकंद वाचतात," म्हणाला.
चाक फिरवलं. फिरतच राहिलं.
खरं सांगते, जीव गेला त्या आवाजावर.

चाळीस सेकंद.
तेवढ्यात मी पाच पाव वळून फळीवर मांडते.
तेवढ्यात हेलसिंकीहून लेकीचा फोन येतो आणि संपतो:
बरी आहेस? बरी. तू? बरी. ठेवते.
तर हे आणखी चाळीस
मी आणून ठेवू कुठे?

चार युरोंच्या लवचीक लेस घेतल्या.
ओट्टनं त्या फार मोठ्या पिशवीत घालून दिल्या.

चाकं जुनीच, पोलादी सायकलही जुनीच,
काल्यो तारा कानानं लावतो,
उजव्या, डावा त्यानं नौदलात ठेवला.
टिचकी मारतो, ऐकतो, अर्धा आटा पिळतो,
आणि पैसे विचारले की
कालची शिळी वडी मागतो, कडेची, करपलेली.

गेल्या जुलैत चौसष्ट जणांत मी एकसष्टावी.
पण पाणी संपून रस्ता सुरू होतो
त्या कुंपणाच्या आत
माझ्यापेक्षा चपळ तिघंच होते.
ओला सूट केळ्याच्या सालीसारखा उतरतो माझा;
बावीस वर्षं मी रात्र उतरवून दिवस चढवतेय,
दोन दारांमधल्या बोळात, उभ्या उभ्या,
दिवा न लावता.
त्यासाठी कुणी चाक विकत नाही.

पाकीट अजून पिठाच्या डब्यामागे आहे.
मन बदललं नाही असं म्हणणार नाही;
बुधवारी वारा असतो तेव्हा रोज बदलतं,
आणि बुधवार, या गावात,
आठवड्यातून तीन-चारदा येतो.

परवा लेकीचा फोन.
बरी आहेस? बरी. तू? बरी.
मी "ठेवते"ची वाट बघत होते,
कानाशी फोन, मनगटावर घड्याळ चालूच,
सवयीनं.
एकेचाळिसाव्या सेकंदाला ती म्हणाली,
"आई, पाणी किती गार होतं गं?"

मी ओल्या केसांनीच ओट्यावर बसले
आणि सांगायला लागले,
पहिल्या पावलापासून.