अक्षरांची पोटं

चाळीस वर्षं मी रस्त्यावर पांढरे पट्टे ओढले.
हॉबार्टपासून खाली डोव्हरपर्यंत,
ह्युऑन नदीच्या कडेकडेनं
तुम्ही कधी गाडी हाकली असेल
तर माझ्याच रेघेला धरून हाकलीत.
सरळ रेघेकडे कुणी बघत नाही.
एकदाच वाकडी गेली, सिग्नेटच्या वळणावर,
वीतभर,
तर कचेरीत सतरा फोन.

आता गराजात करवत आहे.
केसाहून जाड, सुतळीहून बारीक पातं
वर-खाली, वर-खाली,
शिवणयंत्राच्या सुईसारखं.
फरक एवढाच की हे उसवत जातं.

पातं चढवलं की आधी बोटानं छेडायचं.
टण्ण वाजलं तर ठीक.
भद्द वाजलं तर चावी अजून पाव फेरा.
हे मला वॉरिक क्लेनिगनं शिकवलं.
त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं.
उरलेली दोन बोटीच्या दोरानं नेली, करवतीनं नव्हे,
हे तो नवख्याला
नाव सांगायच्याही आधी सांगतो.

आणि गंमत बघा,
या करवतीवर वळणं सोपी.
घोड्याची आयाळ, नेच्याचं पान,
प्लॅटिपसची चोच, सगळं जमतं.
जमत नाही ती सरळ रेघ.
पात्याला जन्मतःच एका अंगाला ओढ असते.
फळी जराशी तिरकी धरून ढकलावी
तेव्हा कुठे कापणं सरळ जातं.
हे कळायला मला एकाहत्तरावं वर्ष लागलं.
ब्रॉनविन म्हणते,
मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

मार्चमध्ये वॉरिकनं फळी आणून टाकली.
ह्युऑन पाइन, लोण्यासारखी पिवळी,
पुरानं वाहून आणलेल्या ओंडक्याची.
कडेच्या इंचभरात वर्षं मोजायला बसलो,
साठाच्या पुढे डोळे फिरले.
"बोटीचं नाव कापून दे," म्हणाला. "डोरोथिया."
"डोरोथिया कोण?"
"बोट."

आठ अक्षरं.
त्यातली पाच पोटवाली: डी, ओ, आर, पुन्हा ओ, शेवटचा ए.
प्रत्येक पोटासाठी भोक पाडा,
पातं वरून सोडवा, भोकातून ओवा,
पुन्हा आवळा, पुन्हा टण्ण,
आणि मग हळूहळू, श्वास नाकातच धरून,
आतल्या आत एक फेरी.
फेरी पुरी झाली की पोट
टप् करून निसटतं.
आरचा पाय मोडला. शिरा आडव्या होत्या,
चूक माझी. दुसरा आर कापला.

रस्त्यावर रेघ मागे राहायची,
उन्हात, टायरांखाली, बरीच वर्षं.
इथे पेन्सिलीची रेघ मी गिळत जातो.
काम नीट झालं
तर रेघ उरतच नाही.

वॉरिकनं अक्षरं नेली. बरी झालीत असंही म्हणाला नाही.
पोटं मी मार्मालेडच्या बरणीत टाकली.
कशाला? उगाच.
झाकण उघडलं की वास येतो,
थोडा मधाचा, थोडा नव्या कपाटाचा.

आठवड्यानं तो दारात.
"ती आतली पोटं टाकलीस?"
मी बरणी पुढे केली.
तीन बोटांनी बराच वेळ चाचपत
त्यानं दोन्ही ओ काढून घेतले,
एक शर्टाच्या खिशात, एक पँटच्या.
"बोटीत हरवतील," मी म्हटलं.
"बोटीत कोण नेतंय," म्हणाला,
आणि हवामानावर बोलू लागला.

बरणीत आता डी, आर, ए.
त्यांचा शब्द होत नाही, मी जुळवून पाहिलाय.

आज एका भंगार फळीवर
पट्टी न लावता एक लांब रेघ मारली.
कशाचीच नाही, नुसती रेघ.
पॅडलवर पाय ठेवला,
फळी तिरकी धरली.
भुसा बाह्यांवर, चष्म्यावर, कानात.
अर्ध्यावर असताना घरातून हाक आली,
भुवया झटकून ये,
परवा सूपमध्ये लाकूड होतं.