सत्तावीस नंबर

वडोदरा: उपलब्ध नाही.
अहमदाबाद: उपलब्ध नाही. सुरत: एकच,
तीही मी पिनकोड टाकेपर्यंत गेली.
राजकोटला मात्र जागाच जागा,
पण राजकोट म्हणजे दोन दिवसांचा खाडा,
आणि आमचे शेठ खाड्याचं कारण विचारत नाहीत, कापतात.

मुलगी म्हणाली, पहाटे बघू,
रद्द झालेल्या जागा पहाटे सुटतात.
हिला हे कुठून कळतं, देव जाणे.
चार पन्नासला तिनं मला हलवून उठवलं:
वडोदरा, एक. वाघोडिया रोड. रविवार, सकाळची पाळी.
पाळी तिचा शब्द. तिथे स्लॉट लिहिलं होतं.

साडेअकरा हजार. परत मिळणार नाहीत,
हे तीन ठिकाणी लिहिलेलं,
तिन्ही चौकोनांत बरोबरची खूण करायची.
केली.
मग चहा ठेवला, आणि तो उकळेपर्यंत
एकच डोक्यात: ही जागा सोडली कुणी?



बावीस वर्षं मी जोडतो.
टाक्या, पाइप, एकदा एका शाळेचं फाटक.
मकरपुऱ्यात माझा जोड तपासायला
पंचविशीतला इन्स्पेक्टर येतो,
माझ्याच खडूनं गोल काढतो, सही करतो,
आणि कधी कधी हळूच विचारतो,
शिर्केकाका, हे नेमकं काय झालंय?

तो गोल मला काढायचाय. एवढंच.



गेटावर घड्याळ, पट्टा, पाकीट
निळ्या ट्रेमध्ये. बिल्ला सत्तावीस.
रांगेत सगळी पोरं. एकाच्या ओठाला अजून दही.

यंत्रावर अंगठा ठेवला. लाल.
पुन्हा. लाल.
डावा. लाल.
"काका, वाळमां घसो ने," टेबलावरची मुलगी म्हणाली.
केसांत घासला, केस उरलेत किती,
मग कपाळावर, मग नाकाच्या शेंड्यावर.
लाल.
मागून कुणी तरी च्च केलं.

तिनं माझा अंगठा धरून उजेडाकडे वळवला,
गार झालेला जोड मी वळवतो तसा,
आणि बघितलं की तिथे रेघाच नाहीत.
"शुं काम करो छो?"
वेल्डिंग, म्हणालो.
तिनं खणातून एक वही काढली, जाड, हातानं आखलेली.
माझ्या आधी चार नावं होती.
कारण: केमिकल. केमिकल. मेंदी. केमिकल.
माझ्यापुढे तिनं लिहिलं, घसारो.
घसारा हिशेबात यंत्राचा धरतात. मी काही बोललो नाही.



एकोणचाळिसाव्या प्रश्नात फोटो.
जोडाच्या पोटात बारीक भोकं,
अनारशाला पडते तशी जाळी.
दोष ओळखा.
दोष ओळखला. तो करणाराही ओळखला:
दमट हवा, सेवंटी-एटीनचे रॉड भट्टीत न तापवता
थेट खोक्यातून काढलेले,
आणि जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं.
याला एक मार्क.

पुढे नुसती कलमं, उपकलमं, आकडे.
तिथे मी अंदाज मारले. माऊस माझ्या हातात
कुणाचं तरी तान्हं पोर दिल्यासारखा.
कच्च्या कागदावर, सवयीनं की हौसेनं,
पेन्सिलीचा एक गोल काढला.
कच्चा कागद जाताना काढून घेतात.



बाहेर लारीवर सेव-उसळ घेतली, तर्री जास्त.
शेजारचा पोरगा फोनवर सांगत होता, बरा गेला.
मुलीचा फोन आला. मी म्हणालो,
जागा चांगली होती, एसीच्या खाली.
बाबा, पेपर?
तिखट लागलं होतं, म्हणून आधी पाणी प्यायलो.

निकाल सहा आठवड्यांनी. उद्या पहिली पाळी.
घड्याळ मनगटावर चढवताना लक्षात आलं,
बिल्ला खिशातच राहिलाय.
परत गेलो तर ती मुलगी डबा खात होती.
काही न बोलता तिनं तळहात पुढे केला.