तीट

इनासच्या घरामागे
जांभ्यात कोरलेली एक दोण आहे.
पूर्वी तिच्यात डुकरांना पेज घालायचे.
आता वर्षातले चाळीसेक दिवस
तिच्यात एक अख्खी जात राहते.

मे महिन्यात तळ्याची मानस उघडतात.
कोमुनिदादीचा लिलाव होतो,
आणि मांडीपर्यंत चिखलात उतरून
लोक देखळे धरतात, थिगूर धरतात,
निसटलेल्या चपला धरतात.
हिला कुणी धरत नाही.

करंगळीच्या पेराएवढी.
सकाळी काय खाल्लं ते पोटात दिसतं.
शेपटीपाशी काळा ठिपका,
बाळाच्या गालाला लावतात तसा.
म्हणून तीट.
दृष्ट लागावी असं बाकी काहीच नाही.

दोनापावलाहून एक मुलगी आली होती
कुप्या घेऊन.
फूटपट्टीवर आडवी ठेवून म्हणाली,
बत्तीस मिलिमीटर.
टेकडीपलीकडच्या तळ्यात नाही,
झुआरीच्या ओढ्यांत नाही.
फक्त इथं.
मग पुन्हा, हळू: फक्त इथं.
इनासनं टोपी काढली,
कुणी वारल्याचं कळल्यावर काढतात तशी.

त्याआधीही तो त्यांना काढायचाच.
आई काढायची म्हणून.
आई का काढायची?
डास होत नाहीत म्हणायची.
तिच्या आईचं कुणी विचारलं नाही.

यंदा इनास नाही.
बाप-लेकाचे जन्म लिस्बनमध्ये नोंदले गेले
आणि दोघं स्विंडनला पोचले.
मुलगा गोदामात खोकी उचलतो,
इनास नातवाला शाळेत सोडतो.
घराची किल्ली माझ्याकडे.
चहाची गाळणीही.

मानशीच्या पायथ्याशी शेवटचं डबकं,
परातीएवढं, कढत.
पदर खोचून बसले.
शाळेतली पोरं वरून हसली:
बाई, तळून एका दातालासुद्धा पुरायची नाही!
गाळणीत आधी गाळ, मग शेवाळ,
मग काहीतरी हललं
आणि मला उगाच
हात धुवावेसे वाटले, धरण्याआधी.

काही वाहून गेल्या, खाजनाच्या खाऱ्या पाण्यात.
तिथं तीट चालत नाही.

रात्री साडेअकराला फोन.
कौलं विचारली नाहीत, माडांचं विचारलं नाही,
वीजबिल तर नाहीच.
"काडलीं गो?"
काढल्या.
"दोणीर जाळें घाल. बगळो येता."
घातलं.
"कितलीं?"

मी दोनदा मोजल्या होत्या, टॉर्च लावून.
गेल्या वर्षीचा त्याचा आकडा
भिंतीवर कोळशानं लिहिलेला आहे.
मी म्हटलं,
मोजलेलं घटतं, तुझीच आई म्हणायची.
आहेत.

तो काही बोलला नाही.
तिकडे किटलीचं पाणी उकळत होतं,
बराच वेळ,
कुणी बंद करत नव्हतं.