वाहतुकीचे चार बोल्ट

वुच. शहराच्या नावाचा अर्थ होडी.
नदी मात्र नावापुरती, तीही रस्त्याखालून वाहणारी.
चौथा मजला, लिफ्ट नाही.
मी हत्यारांची पेटी घेऊन चढले
आणि व्होइतासिक आजोबांनी दार उघडून आधी बजावलं:
"ती पळते."

न्हाणीघराच्या फरशीवर खरंच ओरखडे होते,
चार पायांचे, दाराच्या दिशेनं.
दोन वर्षं, दर शनिवारी,
पिळायची वेळ झाली की आजोबा तिच्यावर चढून बसत.
त्यासाठी वेगळी उशी. हातात शब्दकोडं.
"हजार फेऱ्यांवर," ते म्हणाले, "अक्षर जरा बिघडतं."

"आणि पाण्याची कंजूष. काचेत दिसतच नाही.
मीच मगानं ओततो, साबणाच्या कप्प्यातून."

आजोबा, हिला कपडे बुडवायचे नसतातच.
तळाशी थोडं पाणी, तेवढं पुरतं.
आत पिंपाला तीन उंचवटे आहेत, बोट लावून बघा.
ते सदऱ्याला बखोटीला धरतात, वर नेतात,
घड्याळात दहा वाजतात तिथवर,
आणि सोडून देतात.
झालं. धुणं म्हणजे हे पडणं.
हळू फिरली तर सगळे तळाशीच लोळतील,
जोरात फिरली तर भिंतीला चिकटून बसतील,
कुणी पडणार नाही, कुणी निघणार नाही स्वच्छ.
म्हणून मधला वेग. मग थांबा.
मग उलटीकडे, पीळ बसू नये म्हणून.

आजोबांनी बोट काढून घेतलं.
"आई लाकडी थापीनं बडवायची. तळ्यावर.
बर्फ फोडून."
तेच आहे, मी म्हटलं. फक्त थापी नाही,
कपडा स्वतःच जाऊन आपटतो.

मग तिला भिंतीपासून ओढली
आणि पाठीमागे दिसले:
चार बोल्ट, लाल टोप्यांचे, कोरे करकरीत.
ट्रकमधून येताना पिंप डचमळू नये म्हणून लावलेले,
आणल्या दिवशी काढायचे.

आतलं पिंप टांगलेलं असतं दोन स्प्रिंगांवर,
खालून दोन दांडे त्याला सावरतात,
आणि डोक्यावर काँक्रीटचा ठोकळा,
कारण जडाला राग उशिरा येतो.
सगळ्यांना मिळून एकच काम:
हादरा पोटात घ्यायचा.
आणि या चौघांनी ते पोटच शिवून टाकलेलं.

"मला वाटलं, यंत्रं अशीच असतात."
एकतीस वर्षं मागाच्या कारखान्यात मेकॅनिक.
एका दालनात चारशे माग.
चहात चमचा आपोआप ढवळायचा.
"आम्ही ओठ वाचून भांडायचो, पोरी.
जे हलत नाही ते बंद पडलेलं, धाव, दुरुस्त कर."

तेराचा पाना. चार बोल्ट. चार भोकांवर चार झाकणं.

तिनं कपडे घेतले, घुटमळली.
टॉवेल एकीकडे गोळा झाला होता.
पुन्हा उलगडला, पुन्हा तोलून पाहिला,
घाई नाही,
आणि मग एकदम चढली, आठशे, हजार, बाराशे,
वर ठेवलेल्या चहाच्या पेल्यात
एक बारीकसं वर्तुळ उमटलं, तेवढंच.

आजोबा उशी छातीशी धरून उभे होते.
बसमध्ये आपली जागा कुणी घेतल्यासारखे.

"एक परत लावता येईल? एकच. सैलसा."
नाही, आजोबा. बेअरिंग जाईल.
"बरं."
बोल्ट टाकू नका मात्र, घर बदललं तर लागतील.
"घर?" ते हसले. "मी?"

पावतीवर सही केली, सरळ, एकही अक्षर न हलता,
आणि तिच्याकडे जरा नाराजीनं पाहिलं.

दुसऱ्या मजल्यावर पेटीचा हात बदलायला थांबले
तर वरून आवाज येत होता.
मशीनचा नव्हता.
कुणीतरी काचेच्या पेल्यात चार बोल्ट घालून
खुळखुळवत होतं,
थांबून,
मग उलटीकडे.