वाक्यात उपयोग करा

आठवी ब. पान एक्केचाळीस.
फळ्यावर लिहिलं, इन द सेम बोट,
शेजारी अर्थ: सगळ्यांवर एकच संकट असणे.
शब्दशः घ्यायचं नाही, मी म्हणाले,
बोट म्हणजे इथे बोट नाही.

खिडकीबाहेर हर्णैच्या पाण्यात
शंभरेक बोटी हलत होत्या.

नाझनीन होडेकर उठली.
कुठली बोट, बाई? वल्ह्याची, की सहा सिलिंडरवाली?
मी जतची. आमच्याकडे पाणी टँकरने येतं.
सुवर्णदुर्ग बघायला गेले ती ओकत गेले, ओकत आले.
म्हटलं, कुठलीही.

मग मागच्या बाकावरून हेमराज पावसेचा हिशेब:
डिझेल नि बर्फ आधी वजा.
उरलं त्यात होडीला वाटा, जाळ्याला वाटा
(जाळं काय जेवतं का, तरी त्याला),
तांडेलाला दोन, खलाशाला एक.
नि नाखवा?
नाखवा घरी. त्याची फक्त होडी असते होडीत.

मी डस्टर उचललं, परत ठेवलं.
गेल्या महिन्यात अनुदान अडकलं तेव्हा
मुख्याध्यापक चहा ढवळत म्हणाले होते,
मॅडम, आपण सगळे एकाच होडीत आहोत.
ते बत्तीस वर्षं कायम.
मी मानधनावर, तिसरं वर्ष.
आणि मला बरं वाटलं होतं,
कुणी खांद्यावर हात ठेवावा तसं.

नाझनीन अजून उभीच.
पण हे म्हणतं कोण, बाई?
सुकाणूवरचा, की पाणी उपसणारा?

पुस्तकात ते दिलेलं नव्हतं.

हेमराज मग हळूच, बाकाकडे बघत:
काकाचं इंजिन बंद पडलं ना, आंजर्ल्याच्या बाहेर,
तेव्हा तांडेलपण तेलाच्या डब्याने पाणी काढत होता.
तीन तास कुणी वाटे मोजले नाहीत.

अर्थाच्या खाली मी लिहिलं: तीन तास.
हे परीक्षेला नाही, असंही सांगितलं.

सहामाहीच्या पेपरात नाझनीनचं इंग्रजी, तिरक्या अक्षरात:
अब्बा त्याच होडीत आहेत.
होडी नाखव्याची आहे.

‘सेम’च्या आधी ‘द’ राहिला होता.
अर्धा गुण कापायचा असतो.

लाल पेन उघडून बसले आहे.
खाली लिलावाची ओरड सुरू झालीय,
बोटींकडे गाड्या निघाल्यात,
बैल पोटापर्यंत पाण्यात,
गाडीवान वर उभा.