बघतो

रात्री दोन वाजता कंपनीने कुलूप बदललं.
सकाळी दहाला शटर वर केलं
तर पायरीवर तीन पोरं, तिघांच्या पिशवीत एकेक मशीन.
मेलेलं नाही, नुसतं ओळख न देणारं.
जावयासारखं रुसलंय, म्हणाला अल्तमश.
बारा वर्षांचा आहे, पण वडाळ्यात राहतो, ऐकतो सगळं.

मी म्हटलं, ठेवा. बघतो.
बघतो म्हणजे काय, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

आधी सोपं होतं.
सीडीच्या काठावर एक थरथर असायची,
कॉपीत ती उतरत नसे,
आणि मशीन आंधळ्यासारखं चाचपून तीच शोधायचं.
आम्ही चार तारांची चिप बसवली.
तिने मशीनच्या कानात सांगितलं, आहे थरथर, आहे.
एवढ्या थापेवर मी मोटारसायकल घेतली.

मग त्यांनी चाचपणं सोडलं, सही मागायला लागले.
सहीवर सही, आकड्यामागे आकडा.
तेव्हा कुठल्या तरी देशातल्या झोप नसलेल्या माणसाला सापडलं
की नेमक्या क्षणी विजेचा एक ठोका चुकवला
तर पहारेकऱ्याची पापणी लवते.
त्या पापणीएवढ्या फटीतून
मी आठ वर्षं जेल रोडच्या गाळ्याचं भाडं काढलं.

आता ते आत फ्यूज जाळतात.
दर अपडेटला एक. केसाहून बारीक.
जळला की जळला, मागच्या दाराने परत जाणं नाही.
किती जळलेत, बाहेरून कळत नाही.
माणसाचंही कुठे कळतं.

दुपारी आप्पा डबा घेऊन आले.
आप्पा म्हणजे दामोदर गायधनी, नोटप्रेसमधून रिटायर,
एकतीस वर्षं भिंगाखाली दुसऱ्यांच्या पैशातली चूक शोधली.
माझा धंदा त्यांना माहीत आहे.
विषय काढायचा नाही, हे दोघांनाही माहीत आहे.
मेथी कडू निघाली, एवढं बोलतो.

आज मात्र माझ्या भिंगावर वाकले.
उघडा बोर्ड, मुंगीच्या पायाएवढे सांधे.
बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले,
कोणी केलंय रे हे कुलूप? हात चांगला आहे.

आप्पा, त्या हाताने माझं दुकान बसवलं.

ते डब्याची कडी उघडत राहिले.
आमच्याकडे नोटेतली तार बदलली होती एकदा, म्हणाले,
पेढे, साहेबांचं भाषण, सगळं.
सहा महिन्यांत एक नोट टेबलावर परत आली.
तारेसकट.
सगळ्यांनी शिव्या घातल्या, मीही घातल्या.
पण घरी येताना बिटको चौकात सिग्नलला थांबलो
आणि वाटलं,
आपलं काम इतकं निरखून
कोणी पाहिलंच नव्हतं आजवर.

तुझ्या आईलाही सांगितलं नाही हे.
भाकरी खा, गार होते.

संध्याकाळपर्यंत तिघांतलं एक चालू झालं.
कौशल्य काही नाही.
अल्तमशकडे रात्री लाइट गेली होती,
अपडेट अर्ध्यात अडकलं, फ्यूज शाबूत राहिला.
वडाळ्याचा ट्रान्सफॉर्मर आमच्या बाजूने खेळला.

त्याने घडी उलगडून पाचशेची नोट पुढे केली.
माझा हात पोचण्याआधी आप्पांनी घेतली,
ट्यूबलाइटकडे धरली, तिरकी केली,
कडेच्या रेघांवरून अंगठा फिरवला.

खरी आहे, म्हणाले,
आणि गल्ल्यात टाकताना
माझ्याकडे पाहिलं नाही.

उरलेली दोन मशीनं फळीवर आहेत.
पोरं रोज येऊन विचारतात.
बघतो, म्हणतो.
आप्पाही हल्ली डबा ठेवून लगेच निघत नाहीत.